हायबॉय की चॅनल्ड? जुनी फोर्ड कापायला घेण्याआधी

जुनी फोर्ड घेऊन हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी घरच्या घरी बदललेली गाडी, बांधायची, आणि ती अशी की १९५० च्या एखाद्या छायाचित्रात नेऊन उभी केली तरी परकी वाटू नये, असं मनात आलं की बहुतेक जण आधी इंजिनाबद्दल विचारतात. मी म्हणतो, आधी गाडीचं गाव ठरवा. लॉस एंजेलिसच्या मुलाने १९४८ मध्ये बांधलेली गाडी आणि बॉस्टनकडच्या मुलाने १९५५ मध्ये बांधलेली गाडी, दोन्ही मुळात फोर्डच. पण शेजारी शेजारी उभ्या केल्या तर कोकणातलं घर आणि देशावरचा वाडा यांत दिसावा तसा फरक दिसतो. घरांसारखाच हा फरकही हवेने, रस्त्यांनी आणि कायद्याने पाडलेला आहे. अमेरिकेत स्थिरावलेल्या आणि गॅरेजमध्ये एका गाडीची जागा राखून असलेल्या वाचकांसमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच, म्हणून दोन्ही पद्धती इथे समोरासमोर ठेवतो.

आधी शब्द नीट समजून घेऊ. हायबॉय म्हणजे मडगार्ड आणि फूटबोर्ड काढून टाकलेली, पण बॉडी कारखान्यातून आली तशीच चासीच्या वर बसलेली गाडी. ती खाली आणायची ती एक्सल आणि स्प्रिंगमधून. पुढचा एक्सल तापवून त्याची टोकं वर ओढतात, मागे पाट्यांची बांधणी बदलतात. सॅन दिएगोचा एड स्टुअर्ट या कामात इतका नावाजला की ‘ॲक्सल’ हेच त्याचं टोपणनाव झालं. चॅनल्ड गाडीत बॉडीचा तळ कापतात आणि ती चासीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवरून चारसहा इंच खाली सरकवतात, टोपी भुवयांपर्यंत ओढावी तशी. चॉप ही तिसरी गोष्ट: छताचे खांब कापून छत खाली आणणं. चॉप दोन्ही पद्धतींत होऊ शकतो, म्हणून त्याला या वादातून बाहेर ठेवू.

कॅलिफोर्निया: जे लागत नाही ते काढा

दक्षिण कॅलिफोर्नियाची पद्धत वाळलेल्या तळ्यांवर जन्मली. म्युरॉक, एल मिराज ही मैलोन्‌मैल सपाट, टणक मातीची मैदानं. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली आणि तिथल्या वेगाची रीतसर नोंद होऊ लागली. पुढे म्युरॉक लष्कराकडे गेलं आणि आज एडवर्ड्स हवाईतळ म्हणून ओळखलं जातं. एल मिराज मात्र चालू राहिलं. आठवडाभर ज्या गाडीतून कामाला जायचं तीच रविवारी तळ्यावर न्यायची, हेडलाइट आणि काच उतरवायची, धाव झाली की परत बसवून घरी यायचं. हायबॉयचा साधेपणा इथून आला. मडगार्ड म्हणजे फुकटचं वजन आणि वाऱ्याला अडथळा, म्हणून ते गेले. पाऊस कमी, रस्त्यावर मीठ नाही, त्यामुळे वीस वर्षं उघड्यावर पडलेल्या रोडस्टरचा (पक्कं छत नसलेल्या दोन आसनी गाडीचा) पत्राही शाबूत मिळे.

या पद्धतीला १९३२ ची फोर्ड एवढी शोभली त्यामागे एक कारण आहे, आणि गाडी कापायला घेणाऱ्याने ते आधी डोळ्यांनी पाहून घ्यावं. त्याआधीच्या मॉडेल ए फोर्डमध्ये चासी बाजूच्या पत्र्यामागे झाकलेली असते. १९३२ च्या गाडीत चासीच्या बाहेरच्या अंगावरच एक नक्षीदार उठाव दाबून काढला आहे आणि तो बॉडीच्या रेषेबरोबर वाहत जातो. मडगार्ड काढले की ती रेषा पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत सलग दिसते. हेन्री फोर्डच्या कारखान्याने नकळत हॉट रॉडवाल्यांसाठी काढून ठेवलेलं चित्र आहे ते. शिवाय आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन फोर्डमध्ये आलं तेही याच वर्षी: २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती, साध्या माणसाला परवडेल अशा किमतीत.

१९४८ च्या सुमाराची गाडी बांधायची तर साहित्य असं: युद्धानंतरचं २३९ घन इंचाचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं फोर्डचं जुनं व्ही-एट) किंवा मर्क्युरीचं त्याच जातीचं इंजिन, त्यावर एडेलब्रॉक किंवा ऑफेनहाउजरची ॲल्युमिनियम हेड, दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर, १९३९ च्या फोर्डची तीन गिअरची पेटी. ब्रेक १९३९ पासूनच्या फोर्डचे, कारण हायड्रॉलिक ब्रेक फोर्डने त्याच वर्षी आणले आणि त्याआधीच्या सळयांच्या ब्रेकवर हा वेग सोपवणं म्हणजे जिवाशी खेळ. चाकं १६ इंची, १९४० च्या फोर्डची पोलादी किंवा १९३५ ची तारांची. पुढे बारीक टायर, मागे जाड. डॅशबोर्डवर स्ट्यूअर्ट-वॉर्नरचे काटे. रंग बहुतेक काळा.

नमुना म्हणून डोन स्पेन्सरची १९३२ ची रोडस्टर डोळ्यांसमोर ठेवा. चाळिशीच्या दशकात घडलेली काळी हायबॉय, पुढे दोन तुकड्यांची तिरपी ड्यूव्हॉल काच. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या मानाच्या प्रदर्शनात हॉट रॉडना पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग मिळाला तेव्हा हीच गाडी अव्वल ठरली. तिच्यात एकही रेषा जास्तीची नाही.

पूर्व किनारा: खाली, आणखी खाली

न्यू इंग्लंड, न्यू यॉर्क, न्यू जर्सीकडे वाळलेली तळी नव्हती. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं आणि गाडीचा तळ आधी खाऊन टाकतं. खालचे काही इंच तसेही कुजलेले, तेव्हा तिथे करवत चालवायला हात कचरत नसणार, असं मला अशी गंजकी बॉडी पाहताना नेहमी वाटतं. ज्या राज्यांत मडगार्डशिवाय गाडी चालवणं गुन्हा होता तिथे चाकांवर सायकलसारखे छोटे मडगार्ड बसवले गेले. थंडीमुळे उघड्या रोडस्टरबरोबर बंद कूपेही भरपूर.

आणि वेळ थोडी पुढची. पूर्वेकडच्या ज्या गाड्या आज आदर्श मानल्या जातात त्यांतल्या बऱ्याच पन्नाशीच्या दशकातल्या. तोवर १९४९ च्या ओल्ड्समोबील आणि कॅडिलॅकची ओव्हरहेड व्हॉल्व्हची, म्हणजे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये असलेली, व्ही-एट इंजिनं भंगारात येऊ लागली होती. म्हणून पूर्वेच्या चॅनल्ड गाडीत हे मोठं इंजिन अस्सल दिसतं. बॉडी खाली गेल्याने बॉनेट बसत नाही, इंजिन उघडंच राहतं. रेडिएटरची जाळी पूर्ण उंचीची ठेवली तर ती बॉडीच्या वर डोकं काढते. कापून बुटकी केली तर गाडी एका रेषेत येते. उंच जाळीची गाडी मला आधी बेढब वाटायची. नंतर तशा दोनतीन प्रत्यक्ष पाहिल्या आणि त्यांचा पुढे झेपावणारा, काहीसा आडदांड बाणा आवडू लागला.

पूर्वेच्या पद्धतीला ‘चुकीची’ म्हणणारे आजही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालतो. हॉट रॉड मासिक जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालं, गाड्या तिथल्या, छायाचित्रकार तिथले, जाहिराती देणारी पार्टची दुकानंही तिथलीच. देशभर मुलांनी जे पाहिलं ते कॅलिफोर्निया होतं, आणि त्यालाच मोजपट्टी मानलं गेलं. बॉस्टनच्या मुलाने आपल्या हवेत, आपल्या भंगारवाल्याकडे मिळेल त्यातून जे केलं तेही त्या काळाचंच आहे.

मधला मुलूखही विसरू नका. डेट्रॉईटमध्ये ऑटोरामा प्रदर्शन १९५३ पासून भरतं, आणि तिथे कार कारखान्यांतले कुशल हात घरच्या गाडीवर फिरत होते. मिशिगनच्या क्लॅरेन्स ‘चिली’ कटॅलोची १९३२ ची तीन खिडक्यांची कूपे पाहा: चॅनल केलेली, ओल्ड्समोबीलचं इंजिन, पत्र्याचं काम डेट्रॉईटच्या अलेक्झांडर बंधूंचं. मग ती कॅलिफोर्नियात गेली आणि गाड्यांना नवं रूप देणाऱ्या जॉर्ज बॅरिसच्या दुकानात तिचं छत चॉप झालं. १९६१ मध्ये ती हॉट रॉड मासिकाच्या मुखपृष्ठावर आली, १९६३ मध्ये बीच बॉईज या गायकमंडळींच्या अल्बमवर. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची ओळख म्हणून जगाने जी गाडी पाहिली, तिचा जन्म मिशिगनचा.

मग तुम्ही काय घ्यावं?

हातात कोणती बॉडी आहे यावर माझं उत्तर ठरतं. १९३२ ची अस्सल फोर्ड असेल तर चॅनल करू नका. त्या वर्षीची चासी हाच तिचा दागिना, आणि चॅनल केलं की तोच बॉडीत गडप होतो. शिवाय एकदा कापलेला तळ आणि त्याचे आधार परत मूळ जागी आणणं फार कष्टाचं. जुन्या काळीच चॅनल झालेली १९३२ ची गाडी मिळाली तर मात्र उलट: ती ‘सुधारू’ नका, हायबॉय करण्याच्या नादात तिचा इतिहास पुसू नका. मॉडेल ए असेल, म्हणजे १९२८ ते ३१ ची, तर पूर्वेची पद्धत निर्धास्त निवडा. तिची चासी झाकण्यात काहीच गमवायचं नाही आणि तिचं उभट, पेटीसारखं अंग खाली बसल्यावर खरोखर देखणं होतं. ओहायोच्या ब्रुकव्हिलमध्ये मॉडेल ए आणि १९३२ च्या रोडस्टरच्या नव्या पोलादी बॉडी बनतात. कापायचीच असेल तर नवी कापा, नव्वद वर्षांचा पत्रा वाचवा.

दुसरी कसोटी तुमच्या उंचीची. चॅनल्ड गाडीत आसन जवळपास जमिनीवर येतं, पाय समोर लांब पसरावे लागतात, स्टिअरिंगचा दांडा आडवा झालेला असतो. सहा फुटी माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात आणि काचेची वरची पट्टी बरोबर डोळ्यांसमोर येते. बायको किंवा मुलगी सोबत येणार असेल तर त्यांनाही विकत घेण्याआधी अर्धा तास बसवून पाहा, नुसतं दोन मिनिटं नको. हायबॉयमध्ये माणूस माणसासारखा बसतो. लांबच्या प्रवासाला ती बरी.

इंजिनाचंही सांगतो. फ्लॅटहेड दिसायला आणि ऐकायला गोड, पण त्याची एक्झॉस्टची वाट इंजिनाच्या ब्लॉकमधून, थंड पाण्याच्या जागेतून जाते. एका बाजूच्या चार सिलिंडरना बाहेर पडायला तीनच तोंडं, मधली दोन एकत्र. म्हणून ते तापतं, आणि जुन्या ब्लॉकला व्हॉल्व्हजवळ तडे असतात. ब्लॉकची तडे शोधणारी चाचणी करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. रोज ट्रॅफिकमध्ये चालवायची असेल तर पन्नाशीच्या दशकातली गाडी ठरवून ओल्ड्सचं किंवा १९५५ च्या शेवरोलेचं २६५ घन इंचाचं इंजिन बसवणं शहाणपणाचं.

गाव आणि साल ठरल्यावर बारीक वस्तूंना त्या तारखेत राहायला लावा. इथे भले भले चुकतात. १९४८ च्या गाडीला रुंद पांढऱ्या कडेचे टायर आणि लाल चाकं लावतात. तळ्यावरच्या गाड्यांचे टायर बहुतेक साधे काळे होते. अरुंद पांढरी पट्टी १९६२ च्या आसपासची. चकाकत्या कणांचा मेटलफ्लेक रंग साठीच्या तोंडावर आला, त्याआधीच्या गाडीवर तो खोटा. मागचे दिवे १९३९ च्या फोर्डचे थेंबासारखे किंवा १९५० च्या पॉन्टिॲकचे गोल. पॉन्टिॲकचे लावलेत तर तुमची गाडी आपोआप १९५० किंवा त्यानंतरची होते, हे लक्षात ठेवा. आतली रेघारेघांची गादी पन्नाशीतली, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली मुलं ती स्वस्तात शिवून घ्यायला सीमेपलीकडे तिहुआनाला जात. रेडियल टायर, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कोरलेले ॲल्युमिनियमचे आरसे, आरशासारखा क्लिअर कोट: यांतलं एक जरी आलं तरी सगळी मेहनत फिकी पडते. त्या काळचे क्रॉस-प्लाय टायर रस्त्यावरच्या खाचांत गाडी इकडेतिकडे ओढतात. ते हातांना शिकावं लागतं.

दोन बाबतींत मात्र मी काळाशी प्रामाणिक राहत नाही आणि तुम्हीही राहू नका. कमरेचा पट्टा, आणि दोन वेगळ्या नळ्यांचा ब्रेक मास्टर सिलिंडर, जो अमेरिकेत १९६७ च्या सुमारास सर्रास आला. तो फरशीखाली लपतो, कुणाला दिसत नाही, आणि एक नळी फुटली तरी गाडी थांबते.

कागदपत्रांकडे वळायचं तर या काळच्या फोर्डचा क्रमांक चासीच्या डाव्या पट्टीवर वरच्या अंगाला ठोकलेला असतो आणि त्याचा काही भाग बॉडीखाली झाकलेला. विकणारा ‘कागद आहे ना’ म्हणत असला तरी तो क्रमांक दिव्याने पाहा, कागदाशी अंक न्‌ अंक जुळवा. चॅनल्ड गाडीत तो शोधायला आसन आणि तळाच्या फळ्या उचलाव्या लागतील. ते करू द्यायला विकणारा कुरकुरला, तर त्या दिवशी पाकीट खिशातच ठेवा आणि पुढची गाडी बघायला निघा.