जेएनओएसची परवानग्यांची फाइल : दोन वर्षं वापरल्यावर

पॅकेट नोड, म्हणजे रेडिओवरून संगणकांचा मजकूर पुढे पोचवणारं स्टेशन, हवेवर ठेवायचा म्हणजे आपला ट्रान्समीटर दुसऱ्यांच्या हाती द्यायचा. कोणाला किती द्यायचा, हे जेएनओएस या नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच साध्या मजकुराच्या फाइलमधून ठरतं. तिचं नाव एफटीपीयूजर्स. नावावरून ती फक्त फाइलींच्या देवाणघेवाणीची वाटते, म्हणून नवखे तिकडे बघतच नाहीत. पण मेलबॉक्सात, म्हणजे बाहेरचा माणूस नोडवर जिथे लॉगिन करतो तिथे, शिरणाऱ्याचे हक्कही तिच्यातच आहेत.

एका ओळीत चार गोष्टी : नाव, पासवर्ड, डिरेक्टरी आणि एक आकडा. सगळं मर्म त्या आकड्यात आहे. १ म्हणजे फाइल वाचणं, २ नवी बनवणं, ४ असलेली बदलणं किंवा पुसणं. पुढे ८ म्हणजे एएक्स.२५ (पॅकेट रेडिओचा मूळ प्रोटोकॉल) वरून बाहेर कनेक्ट करणं, १६ टेलनेटने (इंटरनेटसारख्या नेटवर्कवरून), ३२ नेट/रॉमने (एका नोडवरून दुसऱ्या नोडकडे जाण्याची रीत). ६४ म्हणजे दुरून सिसॉप, म्हणजे नोडचा चालक, होणं आणि १२८ म्हणजे दार बंद. हवे ते हक्क निवडायचे आणि बेरीज लिहायची. माझ्या ओळखीच्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मित्रांना मी ४३ दिलाय : वाचा, नवी फाइल ठेवा, रेडिओवरून पुढे जा, पण दुसऱ्याचं पुसू नका. एका आकड्यात इतकं नेमकं सांगता येतं, म्हणून ही पद्धत मला मनापासून आवडते.

आता माझी चूक सांगते. ज्याचं नाव यादीत नाही, त्याच्यासाठी युनिव्हपर्म नावाची ओळ असते. चाचणी करताना मी तिथे पासवर्डच्या जागी चांदणी आणि शेवटी १२७ लिहिलं, म्हणजे कोणताही पासवर्ड चालेल आणि वरच्या आठांपैकी १२८ सोडून सगळे हक्क. बदलायचं राहून गेलं. एका रात्री मॉनिटरच्या खिडकीत एक अनोळखी नाव दिसलं. ते इंटरनेटवरून टेलनेटने आलेलं. त्याने कनेक्टची आज्ञा दिली आणि टीएनसीवरचा (रेडिओ आणि संगणक जोडणाऱ्या डब्यावरचा) पीटीटीचा, म्हणजे रेडिओ प्रक्षेपण करतोय हे सांगणारा, लाल दिवा लागला. शेजारी मी बसलेली, आणि माझा रेडिओ अशा माणसासाठी बोलत होता ज्याच्याकडे परवाना आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. त्याने काही बिघडवलं नाही. पण ६४ ही त्याच्या हातात होता, मनात आलं असतं तर नोडच बंद करू शकला असता. त्याच रात्री १२७ खोडून १ केलं. पुढच्या लॉगिनपासून ते लागू झालं, नोड पुन्हा सुरू करावा लागला नाही.

उणीव आहे ती पासवर्डची. हौशी रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही, हा नियम आहे. त्यामुळे साधा पासवर्ड हवेतून उघडाच जातो, आणि १२०० बॉडचा मोडेम लावून ऐकणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. कॉलसाइनवरही (परवान्यासोबत मिळणाऱ्या स्टेशनच्या नावावरही) विसंबता येत नाही, आपल्या प्रोग्राममध्ये कोणीही दुसऱ्याचं कॉलसाइन टाकू शकतो. म्हणून १२८ लावलेला माणूस एक अक्षर बदलून परत येऊ शकतो. दनेट या दुसऱ्या नोड सॉफ्टवेअरची जुनी रीत मला याबाबतीत शहाणी वाटते : नोड पाच आकडे देतो, आपण लांब पासवर्डातली त्या-त्या जागची अक्षरं पाठवायची. पूर्ण पासवर्ड एकदम हवेत जात नाही.

मी तोडगा काढलाय तो दोन नावांचा. रेडिओवरून येताना माझं कॉलसाइन, त्याला ४३ च. दुसरं नाव घरातल्या वायरच्या नेटवर्कवरून वापरते, फक्त त्याला १२७; ते हवेवर कधीच टाइप करत नाही.

वाचायला सोपी फाइल हवी असेल तर बीपीक्यू हे आणखी एक नोड सॉफ्टवेअर बघा. तिथे टेलनेटच्या युजरच्या ओळीत शेवटी सरळ सिसॉप असा शब्द लिहायचा असतो, बेरीज-वजाबाकी नाही. मला मात्र आकडेच बरे वाटतात. एक करा : फाइलमध्ये प्रत्येक आकड्याच्या वर हॅश चिन्ह देऊन बेरीज उकलून लिहा. ४३ वर माझी ओळ आहे, ‘१ आणि २ आणि ८ आणि ३२’. सहा महिन्यांनी फाइल उघडली तेव्हा तीच कामी आली.