न्हावा-शेवा की विशाखापट्टणम?

समुद्रापासून दूर असलेल्या नागपूरच्या निर्यातदाराला बंदर निवडताना अंतरापेक्षा जहाजांच्या फेऱ्या अधिक महत्त्वाच्या ठरतात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेव्याहून युरोप, आखात आणि आफ्रिकेकडे थेट कंटेनर जहाजे सुटतात. नागपूरच्या कंटेनर डेपोतच सीमाशुल्क तपासणी उरकून मोहोरबंद कंटेनर रेल्वेने तेथे जातो, आणि २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने रस्त्याचा पर्यायही भक्कम केला आहे. सुताच्या गाठी पश्चिमेकडे पाठवणाऱ्याने, माझ्या मते, दुसरीकडे पाहू नये.

विशाखापट्टणम १९३३ पासूनचे, पूर्व किनाऱ्यावरचे. गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ आग्नेय आशियात पाठवायचा असेल, तर भारताच्या दक्षिण टोकाला वळसा टळतो; मात्र जहाजे कमी असल्याने वेळापत्रक आधी पाहावे.