साडेतीन महिन्यांनंतर: दुखणे थांबवणारे जेल, उन्हाने पेटलेला हात आणि ट्यूबवर नसलेली एक ओळ

ह्या जेलबद्दल कुणी जानेवारीत विचारले असते तर डोळे झाकून घ्या म्हणाले असते. तिघांना तसे सांगितलेही होते. त्या तिघांना फोन करून सगळे सांगून झाले आहे. आता बाकीच्यांसाठी लिहिते.

माझे डब्यांचे काम आहे, सांगलीत विश्रामबागेकडे. रोज सव्वाशे-दीडशे चपात्या आणि चाळीसेक भाकरी. दिवाळीनंतर उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. लाटायला त्रास नव्हता, पण भरलेले पातेले उचलले की हातातला जीवच जायचा. हाडांच्या डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगितले, कोपराच्या जरा खाली बांधायचा पट्टा दिला आणि कीटोप्रोफेनचे अडीच टक्क्यांचे जेल लिहून दिले. दिवसातून दोनदा, दहा दिवस. चिठ्ठीवर दहा दिवस स्पष्ट लिहिलेले होते. पुढचे साडेतीन महिने मी ते माझ्या मनाने वापरले, हे आधीच सांगून टाकते.

कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण त्याचा उपयोग नाही. हेच औषध वेगवेगळ्या नावांनी मिळते. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात कीटोप्रोफेन दिसले तर हे सगळे तुमच्यासाठी आहे.

गुण आला, खोटे कशाला बोलू. चौथ्या दिवशी पातेले उचलता आले. शिवाय मला आवडले ते वेगळ्याच कारणाने: चिकट नाही, कपड्याला डाग नाही, आणि वास जवळजवळ नाहीच. बाम लावून कणीक मळली की चपातीला वास लागतो, आणि वसतिगृहातली मुले लगेच विचारतात, काकू, आज चपातीला कसला वास येतोय? ह्या जेलने तो प्रश्न सुटला. सव्वाशे रुपयांची तीस ग्रॅमची ट्यूब मी महिनाभर पुरवत होते. संपत आली की लाटण्याने दाबून शेवटचा थेंबही काढायचा. डिसेंबर आणि जानेवारी असे गेले. काही झाले नाही.

तेव्हा डबे पोचवायचे काम मुलाकडे होते. मी पहाटे मंडईत जायचे, अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, ऊन चढायच्या आत घरी. मग दिवसभर ओट्यापाशी. फेब्रुवारीत त्याची बारावीची परीक्षा सुरू झाली आणि डबे माझ्याकडे आले. भर बारा वाजता दुचाकीवर, उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर, कोपर बाहेर काढलेले. हा बदल इतका साधा होता की मला तो बदल वाटलाच नाही.

सातव्या-आठव्या दिवशी संध्याकाळी हात चुरचुरायला लागला. तव्याची धग लागली असेल म्हणून गार पाणी मारले. सकाळी उठले तर कोपरापासून निम्म्या हातापर्यंत लालभडक सूज, वर साबुदाण्यासारखे बारीक फोड. दुपारपर्यंत त्यातून पाणी गळायला लागले. खाज अशी की रात्री हात उशीखाली दाबून झोपायचे.

मी काय काय दोष दिला बघा. आधी भांडी घासायच्या नव्या साबणाला. मग गाजर गवताला, कारण त्याच आठवड्यात तासगावला दादाच्या द्राक्षबागेत गेले होते आणि बांधावर ते गुडघाभर वाढले आहे. आमच्या ओळखीत एकांची कातडी त्या गवताने कायमची जाड झाली आहे, त्यामुळे तो संशय पक्का वाटला. जेलवर संशय गेला नाही. अडीच-तीन महिने लावतेय, व्हायचे असते तर पहिल्या दिवशी झाले असते, असे माझे गणित. उलट खाजेवर आराम पडेल म्हणून एक दिवस जेलच पुन्हा लावले.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांना हात दाखवला. "वहिनी, बुरशी आहे, पावसाळ्यात-उन्हाळ्यात होतेच," म्हणून त्यांनी एक क्रीम दिले. दोन दिवसांत लाली उतरली, मला वाटले सुटले. पाचव्या दिवशी दुप्पट वर आले. त्या क्रीममध्ये बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि वर कडक स्टेरॉइड, असे तीन एकत्र होते, हे नंतर त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले. न तपासता असले मिश्रण फासले की मूळ रोग झाकला जातो आणि चित्र बदलते, म्हणून त्या माझ्यावर चिडल्या. चिडायलाच हव्या होत्या.

त्यांनी हात खिडकीपाशी नेला आणि विचारले, "पट्टा कुठे बांधता?" मी दाखवले. पट्ट्याखालची दोन बोटे रुंदीची जागा अगदी कोरी होती. वर लाल, खाली लाल, मधे माझ्या नेहमीच्या रंगाची पट्टी, कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या. मी रोज तो हात बघत होते आणि ते मला दिसले नव्हते. जेल तर मी पट्टा बांधायच्या आधी सगळीकडे सारखेच लावत होते. मग त्या म्हणाल्या, "जेल तिथेही होते, ऊन तेवढे नव्हते."

त्यांनी समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. कीटोप्रोफेन कातडीत मुरते आणि तिथे राहते. त्यावर उन्हातले अतिनील किरण, त्यातही 'अ' प्रकारचे, पडले की त्याचे रूप बदलते आणि काही जणांचे शरीर त्या बदललेल्या पदार्थाला शत्रू समजते. एकदा तशी ओळख पटली की पुढे थोडे औषध आणि थोडे ऊनही पुरते. आधीचे दोन महिने काही झाले नाही, कारण हातावर ऊनच नव्हते. हे किरण ढगातून येतात, खिडकीच्या काचेतूनही येतात. त्यामुळे आभाळ आहे, आज चालेल, हा हिशेब चुकीचा. आणि जेल बंद केल्यावरही दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाकायची.

दोन आठवडे! हे मला कुणीच सांगितले नव्हते.

आता मूळ रागाकडे येते. बाकी सगळे मी विसरेन, हे नाही विसरणार. घरी येऊन ट्यूब हातात घेतली आणि पुढून-मागून वाचली. त्यावर ठळक लिहिले आहे: थंड जागी, उन्हापासून दूर ठेवा. ही सूचना ट्यूबसाठी आहे. मी ती पाळलीही. तीन महिने ट्यूब स्टीलच्या कपाटात, खणाच्या मागच्या बाजूला ठेवली. ज्या हाताला ते लावायचे तो हात उन्हात नेऊ नका, ही ओळ त्यावर नाही. खोक्यावरही नाही. मेडिकलवाल्यांना विनंती करून नवे खोके उघडायला लावले तर आत आठ घड्यांचा पातळ कागद निघाला, सगळा इंग्रजीत, खसखशीएवढी अक्षरे. दादाची मुलगी बी.फार्म. करते, तिने मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून वाचले तेव्हा चौथ्या परिच्छेदात ते वाक्य सापडले. खोक्यावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. बोलणारी मुलगी नम्र होती, पण उत्तर एकच: मॅडम, पत्रकात दिलेले आहे. मी विचारले, पत्रक कोण वाचते ते सोडा, ट्यूबवर जागा नाही का? तुमच्या नावाची अक्षरे अर्ध्या ट्यूबभर आहेत. त्यावर तिने तक्रार क्रमांक दिला. दीड महिना झाला, फोन नाही.

भाचीने सांगितले की युरोपच्या औषध संस्थेने ह्याच त्रासामुळे २०१० मध्ये ह्या जेलांची फेरतपासणी केली. औषधाचा उपयोग मान्य केला, बंदी घातली नाही, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका आणि वापरताना व नंतर दोन आठवडे ऊन टाळायला सांगा, अशी शिफारस केली. म्हणजे ही गोष्ट इतक्या वर्षांपूर्वीची माहीत असलेली आहे. मला पत्ता नव्हता आणि दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही.

उपचार साधे होते. जेल बंद. मिठाच्या औषधी पाण्याच्या गार पट्ट्या दिवसातून चारदा, पाणी गळायचे थांबेपर्यंत. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडचे मलम मोजून सात दिवस, खाजेची गोळी रात्री, आणि बाहेर जाताना पूर्ण बाह्यांचे सुती जाकीट. नऊ दिवस कणकेला हात लावला नाही. हिशेब लिहिते: डॉक्टरांची फी दोनदा मिळून १,००० रुपये, औषधे ७८०, चपात्यांना बाई लावली ती रोजचे ४०० प्रमाणे ३,६००. एकूण ५,३८० रुपये. सव्वाशेच्या ट्यूबमागे.

मार्चच्या शेवटी हात स्वच्छ झाला आणि मी हे लिहायला बसले होते. बरे झाले लिहिले नाही, कारण एप्रिलमध्ये पुन्हा उठले, आणि जेल तर मी शिवलेही नव्हते! ह्या वेळी दोन गोष्टी निघाल्या, दोन्ही मला नवीन.

पहिली, पट्टा. कोपर पुन्हा दुखायला लागले म्हणून मी तोच पट्टा पुन्हा बांधायला काढला. एकदा पावडरने धुतला होता. पण तीन महिने त्याने जेल प्यायले होते. तो चपात्या करताना बांधायचे आणि डबे पोचवताना घाम येतो म्हणून काढायचे, म्हणजे पट्ट्यातले औषध कातडीला लागणार आणि वर ऊन पडणार. डॉक्टर म्हणाल्या, ह्या औषधाच्या बाबतीत हे माहीतच आहे, पट्टे आणि बँडेज धुऊनही भरवसा नसतो. साडेतीनशेचा पट्टा टाकताना जीव तुटला, पण टाकला.

दुसरी, सनस्क्रीन. भाचीने काळजीने आणून दिले होते. त्यात ऑक्टोक्रिलीन नावाचा घटक होता. ज्यांना कीटोप्रोफेनने असा त्रास होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तोही चालत नाही. कोलेस्टेरॉलवरच्या गोळ्यांमधले फेनोफायब्रेटसुद्धा त्याच नात्यातले. ही तीन नावे डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिली, तो मी आधार कार्डाबरोबर ठेवला आहे. ऊन अडवायला आता कापड, आणि चेहऱ्याला फक्त झिंक ऑक्साइडचे मलम.

मधे एकदा मी सासूबाईंचा बाम लावून वर शेकायची पिशवी ठेवणार होते, तेही डॉक्टरांनी थांबवले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट आणि कॅप्सायसिनच्या मलमांनी कातडी भाजल्याची ४३ प्रकरणे सांगून इशारा दिला होता. असले मलम लावून वर शेक नको आणि घट्ट बांधणे नको, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बाम लावून शेकत आलो.

दादाला सर्वांत आधी फोन केला होता. मीच त्याला हे जेल सांगितले, आणि तो फेब्रुवारी-मार्च द्राक्षतोडणीत दिवसभर उन्हात. नशिबाने तो खांद्याला लावत होता, शर्टाच्या आत, काही झाले नाही. त्याने ट्यूब बंद केली आणि दोन आठवडे बागेतही शर्ट काढला नाही. त्याला काही झाले असते तर मला ते आयुष्यभर लागले असते. म्हणून सांगते, औषध दुसऱ्याला सुचवताना आपण किती सहज बोलतो ते मला आता कळते.

तुमच्यापैकी कुणाला असे झाले तर ते नोंदवा. सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांचा मोफत फोन आहे, १८००-१८०-३०२४. रुग्णाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही आहे. आम्ही भरला. औषधाचे नाव, ट्यूबवरचा बॅच क्रमांक, कधी सुरू केले, कधी बंद केले, एवढे लागते. त्यासाठी तरी खोके फेकू नका.

माझे मत विचाराल तर औषध वाईट नाही. ज्याचे काम सावलीत आहे, ज्याची जागा कपड्याखाली आहे, त्याने डॉक्टरांनी सांगितलेले दहा दिवस वापरावे. पाच तारे दिले असते, आता दोन देते, आणि कापलेले तीनही त्या ट्यूबवरच्या ओळीचे आहेत. कोपर सध्या व्यायामावर आहे: पाण्याची लिटरची बाटली धरून मनगट हळूहळू खाली सोडायचे, पंधरा वेळा, आणि पातेले उचलताना तळहात वर. जेलइतके झटपट नाही. सहा आठवड्यांनी फरक पडला.

उरलेली ट्यूब मी टाकलेली नाही. सासूबाईंनी गुडघ्यासाठी मागितली, दिली नाही, कारण चोळून देणार माझेच हात. ती डॉक्टरांनी चाचणीला आणायला सांगितली आहे. पाठीवर दोन रांगांत औषधाच्या टिकल्या लावतात, नंतर एका रांगेवर 'अ' किरण सोडतात, दुसरी झाकून ठेवतात. सोमवारी लावणार, पुन्हा बघायला बुधवारी आणि शुक्रवारी जायचे आहे, तोवर पाठ भिजवायची नाही आणि घाम येऊ द्यायचा नाही. शेगडीपाशी ते जमणार नाही, म्हणून त्या आठवड्यात डबे बंद ठेवलेत आणि मुलांना तसे सांगितले आहे.