आउटबोर्ड इंजिन, पहिल्या हिवाळ्यानंतर: इंजिन उत्तम, ड्रेन स्क्रूची जागा संतापजनक

6 हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, चार स्ट्रोक, कार्ब्युरेटरवालं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. बाकी तपशील सगळीकडे सापडतात, इथे पुन्हा देत नाही. एक पूर्ण सीझन वापरलं, हिवाळाभर बंद ठेवलं आणि आता दुसऱ्या सीझनसाठी बाहेर काढलं. गेल्या वर्षी विचारलं असतंत तर डोळे झाकून पाच तारे दिले असते. या वसंतात लिहायला बसलो तेव्हा दोनवर आलो होतो. पुढे वाचा, ते दोनही टिकले नाहीत.

बोट ताडपत्रीखाली आणि इंजिन स्टँडवर उभं होतं. चार स्ट्रोक आडवं ठेवायचंच झालं तर मॅन्युअलात दिलेल्या कुशीवरच ठेवायचं, नाहीतर ऑइल सिलिंडरात उतरतं. बोट पाण्यात सोडण्याआधी इंजिन पिंपात उतरवलं, पाणी कूलिंगच्या जाळीच्या वर येईल इतकं भरलं आणि दोरी ओढली. चोकवर लगेच पेटलं. चोक आत ढकलला की बंद. थ्रॉटल वाढवून धरला तर व्यवस्थित चालायचं, आयडलला (थ्रॉटल सोडून सगळ्यात कमी वेगावर) आणलं की फुरफुरून मरायचं. हे लक्षण म्हणजे बहुतेक वेळा बुजलेला पायलट जेट, कार्ब्युरेटरमधली आयडलला पेट्रोल पुरवणारी बारीक तोटी. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतं. बोलमध्ये (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोल साठवणारी वाटी) राहिलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने उडत राहतं आणि मागे उरणारा चिकट थर तेवढ्या भोकाला पुरतो. त्यात बऱ्याच ठिकाणी पेट्रोलमध्ये 10 टक्के किंवा त्याहून जास्त इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात. जेट पेट्रोल उचलतो तेही तळाजवळूनच.

सर्व्हिस सेंटरने पाहिलं आणि सांगितलं, कार्ब्युरेटर अख्खा बदला; इंधनाचा दोष आहे, वॉरंटीत बसत नाही. इथे माझं डोकं फिरलं. कारण हिवाळ्याआधीची सर्व्हिस मी याच लोकांकडून पैसे मोजून करून घेतली होती आणि बिलात ‘कार्ब्युरेटर ड्रेन’ ही स्वतंत्र ओळ होती, तिचे वेगळे पैसे लावलेले होते. रिकाम्या बोलमध्ये पेट्रोल वाळतंच कसं? इंजिन उचललं आणि घरी आणलं.

झाकण काढून टॉर्च मारला. बोलच्या खाली पितळी ड्रेन स्क्रू आहे. फॅक्टरीत आवळल्यावर त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका देतात, अर्धा स्क्रूच्या डोक्यावर, अर्धा बोलवर. तो ठिपका अखंड होता. एक केसभर तडा नाही. म्हणजे इंजिन फॅक्टरीतून निघाल्यापासून त्या स्क्रूला कोणी हात लावलेला नव्हता. फोटो काढले, बिलाच्या प्रतीसह पाठवले. आधी उत्तर आलं की इंजिन बंद पडेपर्यंत चालवून पेट्रोल संपवलं होतं, तेही ड्रेनच. ते ड्रेन नव्हे. पेट्रोलची पातळी जेटच्या खाली गेली की इंजिन बंद पडतं, पण तळात थोडं राहतंच, आणि नेमकं तेच वाळतं. बरीच पत्रापत्री झाल्यावर त्या ओळीचे पैसे परत मिळाले.

कार्ब्युरेटर बदलला नाही. बोल उतरवला, तळाला पिवळट राळेसारखा थर होता. जेट काढून क्लीनर फवारला, बारीक तांब्याच्या तारेने भोक मोकळं केलं (पोलादी तार नको, भोक मोठं होतं) आणि उजेडासमोर धरून पलीकडचं दिसतं का ते पाहिलं. नवीन लागलं ते फक्त बोलचं गॅस्केट. पहिल्याच ओढीला पेटलं आणि आयडलला शांत चालत राहिलं. म्हणून दोनाचे चार.

पाचवा तारा मात्र देणार नाही, आणि तो त्या स्क्रूमुळेच. तो मागच्या बाजूला, इंधनाच्या नळीच्या आड आहे. सरळ स्क्रूड्रायव्हर जात नाही, आखूड घातला तर मनगट वळत नाही. शेवटी एल आकाराचा लागला. पितळ मऊ असल्याने पातं जरा तिरकं बसलं की खाच झिजते. पेट्रोल सुटतं ते थेट खालच्या ट्रेमध्ये. काही इंजिनांना ड्रेनलाच नळी जोडलेली असते, स्क्रू सैल केला की पेट्रोल बाटलीत. एवढी वीतभर नळी इथे का नाही, हे मी कंपनीला लिहून विचारलंय. हिवाळ्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम इतकं अवघड करून ठेवलं तर मेकॅनिक ते टाळणार, आणि भुर्दंड मालकाला.

बाकी तक्रार नाही. गिअर ऑइल स्वच्छ निघालं, दुधाळ असतं तर सीलमधून पाणी शिरलंय असं समजायचं. नवं ऑइल खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत भरलं आणि दोन्ही प्लगचे वॉशर नवे घातले; त्या वॉशरवर पैसे वाचवू नका. इंपेलरची (कूलिंगचं पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चाक) पाती लवचीक आहेत, कूलिंगच्या पाण्याची धार जोरात पडते. अ‍ॅनोड (बाकीचे भाग गंजू नयेत म्हणून स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) अर्ध्याच्या आसपास आला की बदलेन. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप) बॅटरी 12.6 व्होल्टवर होती, कारण हिवाळ्यातही अधूनमधून चार्ज करत होतो.

घेणार असाल तर दुकानात झाकण काढायला सांगा आणि ड्रेन स्क्रूपर्यंत स्वतःचा हात नेऊन बघा. हिवाळी सर्व्हिस बाहेर करून घेणार असाल तर इंजिन देण्याआधी त्या ठिपक्याचा फोटो काढून ठेवा.