गिटारचं पिक घेताना: नायलॉन, डेल्रिन की अल्टेक्स, आणि थेंबाकृती की त्रिकोणी?

गिटारबरोबर आलेलं सेल्युलॉइडचं मीडियम पिक (तारा छेडायची छोटी, पातळ पट्टी) झिजत आलं आहे आणि आता स्वतःच्या पसंतीने पिक घ्यायचं आहे, अशा वादकासाठी हे लिहितोय. स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार, बहुतेक वेळ गाण्याच्या साथीचं स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकत्र छेडणं) आणि मधल्या म्युझिकमध्ये थोडी मेलडी, एवढं वादन गृहीत धरलं आहे. इलेक्ट्रिकवर वेगवान लीड, म्हणजे एकेका स्वराची मेलडी, वाजवणाऱ्याची गरज वेगळी असते, तिच्याबद्दल पुढे थोडक्यात येईलच.

रंग आणि छाप पन्नास दिसले तरी निवड खरं तर तीन मटेरियलमध्ये आहे: नायलॉन, डेल्रिन (डनलॉप कंपनीचं टॉर्टेक्स हे त्याचं सगळ्यांत ओळखीचं रूप) आणि अल्टेक्स, म्हणजे पॉलिइथरइमाइड नावाचं कडक, मधाच्या रंगाचं प्लॅस्टिक. सेल्युलॉइड मी यादीतून वगळतो, पण त्याचा अनादर करून नव्हे. न्यूयॉर्कच्या डी'आंद्रिया कंपनीने १९२२ मध्ये सेल्युलॉइडची पिक्स करायला सुरुवात केली आणि आजही ३५१, ३४६ असे आकारांचे जे नंबर आपण वापरतो ते तिच्याच यादीतले. आवाज गोड आहे, बोटांना ऊब लागली की ते हाताला चिकटूनही बसतं. पण झिजताना त्याची कड दाणेदार होते आणि मग वाउंड (वरून बारीक तार गुंडाळलेल्या जाड) तारांवर प्रत्येक स्ट्रोकला खसखस ऐकू येते. शिवाय ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण असल्याने चटकन पेट घेतं. त्यावर तापवलेली सुई किंवा लायटर चालवण्याचे प्रयोग अजिबात करू नयेत. कासवाच्या कवचाच्या पिक्सचं कौतुक जुन्या वादकांकडून ऐकू येतं. मात्र ते कवच ज्या हॉक्सबिल कासवाचं, ते आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो. १९८१ मध्ये टॉर्टेक्स बाजारात आलं ते याच कवचाला पर्याय म्हणून.

मटेरियलच्या आधी जाडीचं एक गणित लक्षात ठेवावं, कारण बरीच चुकीची खरेदी इथेच होते. पातळ पट्टी वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणून ०.६० मिलिमीटरवरून ०.७३ वर गेलात तर पिक १.८ पट कडक होतं, ०.७३ वरून ०.८८ वर साधारण पावणेदोन पट, आणि ०.७३ वरून सरळ १.० वर उडी मारलीत तर अडीच पटीहून जास्त. आकडा थोडाच सरकलेला दिसतो, हाताला मात्र वेगळंच हत्यार मिळतं. सगळ्यांत बारीक तार ०.०११ किंवा ०.०१२ इंचाची असलेल्या तारांच्या सेटवर साथ करणाऱ्याने एका वेळी एकच पायरी चढावी.

आता नायलॉन. आवाज मऊ आणि गोल, स्ट्रोकची टकटक कमी. केरवा किंवा दादऱ्याच्या ठेक्यावर सहाही तारा सलग घासायच्या असतात तिथे ०.६० किंवा ०.७३ चं नायलॉन फार सुखद वागतं. सहज वाकतं, कुठल्या एका तारेत अडकत नाही. त्यावर साच्यातच उठवलेली अक्षरं किंवा दाणे असतात, त्यामुळे पकड पहिल्या दिवसापासून चांगली. यू-टू या रॉक बँडचा गिटारिस्ट एज तर हर्डिम कंपनीच्या नायलॉन पिकची पकडीसाठी केलेली दाणेदार बाजूच तारांवर लावतो. त्याच्या आवाजातली ती बारीक किणकिण काही अंशी तिथून येते.

नायलॉनची अडचण हवेत आहे. हे प्लॅस्टिक पाणी पितं. ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत ते वजनाच्या साधारण अडीच टक्के पाणी धरतं आणि पूर्ण भिजल्यावर आठ टक्क्यांच्या पुढे जातं. तेवढ्याने त्याचा कडकपणा निम्म्यापर्यंत उतरू शकतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत पावसाळ्याचे काही आठवडे गेले की तेच ०.७३ चं पिक एक पायरी पातळ झाल्यासारखं वाटतं. पुण्यात हा फरक कमी जाणवतो आणि विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये तर उलट, पिक जरा ताठ होतं. डेल्रिन पूर्ण भिजलं तरी एक टक्क्याच्या आतच पाणी घेतं आणि अल्टेक्स सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणून या दोघांचा स्वभाव बारा महिने जवळपास तोच राहतो. नायलॉनचं दुसरं दुखणं असं की झिजलेलं टोक नीट घासता येत नाही. वॉटर पेपरवर घासलं की कडेला बारीक तंतू सुटतात, आणि तेच तंतू मग तारेवर फरफरतात.

अल्टेक्सच्या बाजूने बोलायचं तर तिघांत ते सगळ्यांत जास्त टिकतं. डेल्रिनचं टोक गोल झालेलं असतं तेव्हा अल्टेक्सवर जेमतेम चमक आलेली असते. आवाज मोठा आणि लखलखीत, प्रत्येक स्वराची सुरुवात स्पष्ट. मेलडी मायक्रोफोनवर वाजवायची असेल, किंवा तारा जुन्या होऊन मंद झाल्या असतील, तर ०.७३ चं अल्टेक्स गिटारमध्ये जीव आणतं. पण साथीला त्याची एक गोष्ट मला खटकते. स्ट्रमिंग करताना त्याची वरची टिकटिक आणि तबल्याची चाट एकाच पट्ट्यात येऊन भिडतात, आणि गायकाच्या 'स' आणि 'त'च्या आसपासही ती जाणवत राहते. मोठ्या हॉलमध्ये हे विरून जात असेल, बैठकीच्या खोलीत विरत नाही. आणखी एक, नव्या पिकच्या कडेवर कधीकधी साच्याची बारीक शिवण राहिलेली असते. नखाने चाचपून पाहावी आणि असल्यास २००० नंबरच्या वॉटर पेपरवर चार-सहा हात मारून काढावी.

डेल्रिन या दोघांच्या मध्ये बसतं. आवाजात नायलॉनइतका मऊपणा नाही, अल्टेक्सइतकी धार नाही. त्याचं बलस्थान पृष्ठभागात आहे. मटेरियल मुळात निसरडं, त्यामुळे टोक तारेवरून सुळकन सुटतं, आणि अंगठ्याखालच्या भागाला मात्र खडूसारखा मॅट थर दिलेला असतो. या थराची पकड ओलसर बोटांतही टिकते. वापराने तो गुळगुळीत होतो हे खरं, पण ४०० नंबरच्या वॉटर पेपरचा नखाएवढा तुकडा घेऊन अंगठ्याच्या जागी दोन्ही बाजूंनी गोल गोल घासलं की मिनिटभरात पकड परत येते. टोकाला हा पेपर लावायचा नाही.

इथपर्यंतच्या तुलनेत कुणी कुठलंही पिक निवडलं तरी माझी हरकत नाही. निवड ठरवणारी गोष्ट माझ्या मते वेगळीच आहे: वाजवताना पिक बोटांत फिरणं.

गाण्याचा पहिला अंतरा संपेपर्यंत टोक तारेकडे असतं. दुसऱ्या अंतऱ्याला ते बाजूला सरकलेलं असतं आणि तारेवर पिकचा गोल खांदा लागायला लागतो. आवाज बोथट होतो, स्ट्रोक जड जातो, आणि हात ठेका सोडून पिक सरळ करायला बघतो. दमट हवेत, पंख्याखाली सुद्धा, हे होतच राहतं. याने जितकं गाणं बिघडतं तितकं चुकीच्या मटेरियलने बिघडत नाही.

हे का होतं? पिक तारेला अगदी समांतर कधीच लागत नाही, थोडं तिरकं लागतं. त्यामुळे तारेच्या जोराचा एक हिस्सा पिकच्या पात्यातच काम करतो आणि अंगठ्याखालच्या बिंदूभोवती त्याला फिरवू पाहतो. टोक बोटांबाहेर जितकं जास्त, तितका तरफेचा दांडा लांब. पातळ पिक वाकून यातला बराच जोर गिळतं, जाड पिक तो सगळा बोटांपर्यंत पोचवतं. म्हणून पिक सटकतं म्हणून अजून जाड घ्या, हा नेहमी मिळणारा सल्ला स्ट्रमिंगपुरता तरी उलटा पडतो. घट्ट आवळून धरणंही उपयोगाचं नाही. मनगट ताठ होतं, केरव्यातली लवचीकता जाते आणि घामाचा थर साचला की पिक तरीही फिरतंच.

पकड वाढवण्याचे उपाय आहेत. ०.७३ पर्यंतच्या नायलॉन किंवा डेल्रिनमध्ये कागदाच्या पंचिंग मशीनने टोकापासून निदान १२ मिलिमीटर मागे एक भोक पाडा. अंगठ्याची कातडी त्यात थोडी बसते आणि पिक जागीच राहतं. अल्टेक्सवर पंच सहसा हरतो, आणि सेल्युलॉइड भोकापासून तडकतं. दुसरा उपाय, कंपासच्या टोकाने दोन्ही बाजूंना जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात. दोन्ही उपायांनी फिरणं कमी होतं, थांबत मात्र नाही.

थांबतं ते आकार बदलल्यावर, असा माझा अनुभव आहे. नेहमीचं थेंबाकृती ३५१ साधारण ३० मिलिमीटर लांब आणि २६ रुंद असतं. त्याला टोक एकच, बाकीचे दोन खांदे गोल आणि बोथट. गोलाकार कोपऱ्यांच्या त्रिकोणी ३४६ ला तिन्ही कोपरे सारखे. अंगठ्याखाली क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ते मुळात कमी फिरतं, आणि थोडं फिरलं तरी तारेला लागणारी कड जवळपास तशीच असते. पार फिरलंच तर पुढचा कोपरा कामाला येतो, न बघता, ठेका न सोडता. शिवाय एका पिकमध्ये तीन टोकं मिळाल्याने झिजेचा हिशेबही सुटतो.

त्रिकोणीत त्रास नाही असं नाही. मागचा एक कोपरा मधल्या बोटाला टोचतो. पिक थोडं आत घेऊन, फक्त ४-५ मिलिमीटर टोक बाहेर ठेवलं आणि तर्जनी कमी वळवली की तो लागायचा थांबतो. हे हाताला बसायला आठवडाभर द्यावा. कोपरा टोकापासून लगेच रुंद होत जातो, म्हणून त्याच जाडीचं त्रिकोणी पिक माझ्या हाताला किंचित कडक वाटतं. एकेका स्वराच्या वेगवान तानेत ते थोडं अवजड पडतं आणि पिंच हार्मोनिक (पिकबरोबर अंगठा तारेला लावून काढलेला तीव्र, उंच स्वर) काढणं तर खरोखरच अवघड जातं. तरी त्रिकोणी पिक फक्त साथीचं, असा समज करून घेऊ नये. रॉक गिटारिस्ट कार्लोस सँटाना मोठ्या त्रिकोणी पिकने वाजवतात आणि त्यांच्या लीडला काही कमी पडलेलं दिसत नाही.

लीडच मुख्य असेल तर मात्र उलट दिशेला जावं. जॅझ थ्री हे छोटं, टोकदार, १.३८ मिलिमीटरचं नायलॉन पिक त्यासाठी योग्य आहे. गिटारिस्ट एरिक जॉन्सन यांच्यासारख्यांनी ते प्रसिद्ध केलं. टोक बोटांबाहेर जेमतेम येतं, म्हणून तरफ आखूड आणि फिरणं कमी. इतकं जाड असल्याने दमट हवेतला मऊपणाही त्यात फारसा जाणवत नाही. पण त्याने स्ट्रमिंग करू गेलात तर नखं तारांना लागतात. क्वीन बँडचे गिटारिस्ट ब्रायन मे यांच्या सहा पेन्सच्या नाण्यासारखे पर्याय इलेक्ट्रिकच्या पातळ तारांवर ऐकायला सुंदर आहेत. अकूस्टिकच्या वाउंड तारांवर नाण्याची दातेरी कड गुंडाळी खाते, म्हणून तो प्रयोग साथीच्या गिटारवर टाळलेला बरा.

तर साथ जास्त आणि मेलडी कमी असेल तर डेल्रिनचं ०.७३ त्रिकोणी, मेलडी बरोबरीने असेल तर त्याचंच ०.८८, असा माझा कल आहे. टॉर्टेक्स घेतलंत तर पहिलं पिवळं, दुसरं हिरवं. विदर्भात किंवा एसीच्या खोलीत वाजवणाऱ्याला, आणि हात मुळात कोरडे राहणाऱ्याला, ०.७३ चं नायलॉन तितकंच आवडू शकतं. तिथे मी आग्रह धरणार नाही.

कोपरा झिजला की तो एका बाजूने तिरका होतो. तिन्ही कोपरे तसे झाल्यावर डेल्रिन फेकू नका. काचेवर ४०० चा वॉटर पेपर ठेवून कड उभी धरून मूळ गोलाई परत आणा, मग १००० आणि २००० वर दोन्ही बाजूंनी सारखा उतार द्या, शेवटी जीन्सच्या कापडावर दाबून घासा. भुकटी पडते, तंतू सुटत नाहीत. पाच मिनिटांत कोपरा नव्यासारखा सरकतो.

दुकानात दोन मिनिटं वाजवून ठरवू नका, कारण तेव्हा हात कोरडे असतात. सुटी पिक्स मिळतात तिथून दोन्ही आकारांतलं एकेक घ्या आणि दोन्हींवर टोकापासून मागपर्यंत परमनंट मार्करने सरळ रेघ ओढा. एका पिकने अर्धा तास सलग साथ करा, पिक मुद्दाम सरळ करू नका, आणि शेवटी रेघ अंगठ्यापासून किती वळली ते पाहा. मग दुसऱ्या पिकने तेच करा. थेंबाकृतीची रेघ जागच्या जागीच राहिली असेल, तर तुम्हाला आकार बदलायची गरज नाही, फक्त मटेरियल निवडा. ती पाव फेरीहून जास्त वळली असेल तर त्रिकोणी घ्या.