पेनड्राइव्हवर पाळत आणि लॉगमध्ये पूर: आठ महिन्यांनंतर

नागपुरात धंतोलीतल्या एका सीए ऑफिसात कॉम्प्युटर, प्रिंटर, नेट, जे काही बिघडेल ते माझ्याकडे येतं. मार्चमध्ये सरांनी एकच मागणी केली: कोणती फाइल कोणी पेनड्राइव्हवर नेली ते कळलं पाहिजे. पेनड्राइव्ह सरसकट बंद करता येत नव्हते, कारण अर्धे क्लायंट टॅलीचा बॅकअप त्यातच घेऊन येतात. खर्च करायचा नव्हता. मग विंडोजमध्येच असलेलं ‘ऑडिट रिमूव्हेबल स्टोरेज’ (पेनड्राइव्हसारख्या ड्राइव्हवरची फाइल कोणी उघडली, लिहिली याची नोंद ठेवणारी सोय) ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागणाऱ्या सेटिंगमधून, चालू केलं. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे.

पहिल्याच दिवशी सिक्युरिटी लॉगमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४६६३ क्रमांकाच्या, म्हणजे ‘फाइल हाताळली’ अशा नोंदींची झुंबड. नुसता ड्राइव्ह उघडून फोल्डर बघितले तरी नोंदी पडतात, कारण फाइल वाचणं आणि फोल्डरमधली यादी बघणं या दोन्हींचा कोड एकच, ०एक्स१. लॉगचा मूळ आकार २० एमबी; भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. कोणीतरी टॅलीचं अख्खं फोल्डर कॉपी केलं आणि सकाळच्या लॉगिनच्या नोंदी दुपारी गायब. सरांना प्रिंट दाखवली तर म्हणाले, “हे काय छापून राहिले भाऊ? फाइल गेली का नाही, तेवढं सांगा ना.”

मुद्दा असा की साध्या फोल्डरचं ऑडिट करताना कोणावर, कशावर लक्ष ठेवायचं ते आपण ठरवतो. इथे तसं काही नाही. काढता येणाऱ्या ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलची नोंद होते, प्रॉपर्टीजमध्ये काहीही लावा. हे कळायच्या आधी दोन आठवडे मी ऑडिटिंगच्या टॅबमध्ये उगाच डोकं घालून बसलो होतो. उगमाशी गाळणी लागत नाही, ती पुढे लावावी लागते.

उगमाशी होण्यासारखं थोडंच होतं. ‘हँडल मॅनिप्युलेशन’ (फाइल उघडल्या-मिटल्याचीही नोंद) कधीतरी कोणीतरी (म्हणजे मीच) चालू करून ठेवलं होतं. ते बंद केल्यावर ४६५८ च्या, म्हणजे फाइल मिटल्याच्या नोंदी थांबल्या. फेल्युअर ऑडिट, म्हणजे फसलेल्या प्रयत्नांची नोंद, तीही बंद केली. लॉगचा आकार ५१२ एमबी केला. बाकीचं काम सर्व्हरवर: सगळ्या मशीनच्या नोंदी विंडोजच्याच इव्हेंट फॉरवर्डिंगने एका जागी आणायच्या आणि कोणत्या नोंदी मागवायच्या ते ठरवणाऱ्या सबस्क्रिप्शनच्या क्वेरीतच नको त्या ‘सप्रेस’ करायच्या, म्हणजे वगळायच्या.

सगळ्यात जास्त कचरा अँटिव्हायरसचा निघाला. पेनड्राइव्ह लावला की तो प्रत्येक फाइल उघडून बघणार, त्याचं कामच ते. मी त्याच्या प्रोग्रामचा पूर्ण पाथ सप्रेसमध्ये टाकला आणि खुश झालो. पुढच्या अपडेटनंतर पाथमधला आवृत्तीचा आकडा बदलला आणि पूर परत आला. या क्वेरीत ‘अमुकने सुरू होणारा’ किंवा ‘अमुक असलेला’ असं लिहिताच येत नाही, तंतोतंत जुळणी लागते. शेवटी खात्यावरून गाळलं: एस-१-५-१८, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या ‘सिस्टिम’ खात्याचा एसआयडी (ओळख क्रमांक); अँटिव्हायरस त्याच खात्याने चालतो. ते आजपर्यंत टिकलंय. मात्र सिस्टिमच्या नावाने चालणारा शेड्यूल्ड टास्क (ठरलेल्या वेळी आपोआप होणारं काम) पेनड्राइव्हवर काही लिहीत असेल तर तोही दिसेनासा होतो, म्हणून कामांची ती यादी मी अधूनमधून चाळतो.

मग माझी खरी चूक. ‘लिहिणं’ म्हणजे ०एक्स२, एवढं वाचून मी फक्त तेवढ्याच नोंदी ठेवल्या. यादी एकदम सुटसुटीत! जुलैत रिटर्नच्या गर्दीत शंका आली म्हणून स्वतःच एक फाइल कॉपी करून बघितली, तर यादीत नावच नाही. मूळ मशीनवर नोंद होती, पण तिथे मास्क (परवानग्यांच्या कोडची बेरीज) ०एक्स६. लिहिणं आणि शेवटी जोडणं, दोन्ही परवानग्या मिळून २ अधिक ४. बरोबरीची तुलना असल्यामुळे ती गळाली होती. आता उलटं करतो, फक्त वाचण्याचे कोड वगळतो आणि बाकी सगळं येऊ देतो. यादी थोडी लांबते, पण झोप लागते.

दुसरा मोह ‘टीएमपी’, म्हणजे तात्पुरत्या फाइली वगळण्याचा. करू नका. पेनड्राइव्हवरची एक्सेल शीट तिथेच उघडून सेव्ह केली की एक्सेल आधी भलत्याच नावाच्या तात्पुरत्या फाइलीत लिहितं आणि मग नावं बदलतं. लिहिल्याची नोंद त्या विचित्र नावावर पडते. ती गाळली तर शीट बदलल्याचा मागच राहत नाही.

पेनड्राइव्ह कोणता होता हे ४६६३ सांगत नाही. ड्राइव्हचं अक्षरही नसतं, ‘हार्डडिस्कव्हॉल्यूम’ आणि पुढे एक आकडा एवढंच. त्यासाठी ‘पीएनपी ॲक्टिव्हिटी’ (प्लग अँड प्ले) चालू करून ६४१६ ची, म्हणजे नवं उपकरण जोडल्याची नोंद घेतो (विंडोज १० पासून मिळते) आणि वेळ जुळवून बघतो. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

आता रोजची यादी तर्री पोहे संपायच्या आत बघून होते, आणि सरांना मी नाव, वेळ, फाइल एवढंच देतो. मोबाइलचा प्रश्न मात्र यातून सुटला नाही. केबलने लावलेला फोन विंडोजला ड्राइव्ह म्हणून दिसत नाही, त्यामुळे त्यावर टाकलेल्या फाइलीची इथे नोंद नाही. ती वाट ‘डब्ल्यूपीडी डिव्हाइसेस: डिनाय राइट ॲक्सेस’ (फोनसारख्या उपकरणांवर लिहायला मनाई) ही वेगळी पॉलिसी लावून बंद केली. आर्टिकलशिपची (सीएचं शिकता शिकता काम करणारी) पोरं अजून कुरकुरतात, “भाऊ, फोटो निघतात, पण एक पीडीएफ टाकू देत नाही हे मशीन.”