नौपाड्यातला जीआरई व्हर्बलचा घरगुती क्लास: मराठी मिडियमवाल्यांनी नक्की वाचा

जीआरई, म्हणजे परदेशात मास्टर्स वगैरे करायला लागणारी प्रवेशपरीक्षा, तिच्या व्हर्बलसाठी (इंग्रजी वाचन आणि शब्दांचा भाग) ठाण्यात कुठे जाऊ असं मला कोणी विचारलं तर मी आता एकच पत्ता सांगते. नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक मॅडम घरीच क्लास घेतात. बाहेर पाटी नाही, जाहिरात नाही, मुलं एकमेकांकडून ऐकून येतात. मॅडमना नाव छापलेलं आवडत नाही म्हणून इथे देत नाहीये, पण क्लास कसा आहे ते मात्र सगळं लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा असं सविस्तर कोणीच लिहिलेलं सापडलं नव्हतं.

आधी परीक्षेबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून जुना पॅटर्न आहे. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई छोटी झालीये, पावणेचार तासांची परीक्षा आता १ तास ५८ मिनिटांत संपते. व्हर्बलचे दोन सेक्शन, पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत, म्हणजे सगळे मिळून २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं. स्कोअर १३० ते १७०. पहिला सेक्शन कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं. प्रश्न तीन प्रकारचे, टेक्स्ट कम्प्लिशन म्हणजे गाळलेल्या जागा, सेंटेन्स इक्विव्हॅलन्स म्हणजे सहा पर्यायांतून दोन निवडायचे, आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शन (आरसी) म्हणजे पॅसेज, उतारा, वाचून उत्तरं द्यायची, जे जवळजवळ निम्मं व्हर्बल खातं. सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी शब्द विचारणं तर २०११ लाच बंद झालं.

हे मी मुद्दाम लिहितेय. याआधी मी एका मोठ्या, नाव असलेल्या क्लासला पैसे भरले होते (नाव लिहीत नाही, वाद नकोत) आणि तिथे पहिल्याच दिवशी हातात शब्दांची जाडजूड यादी दिली, रोज पन्नास पाठ करा म्हणाले, दर शनिवारी त्याची टेस्ट. मॉक टेस्ट पण जुन्याच, वीस प्रश्न तीस मिनिटांवाल्या. शंका विचारली की उत्तर "ॲपवर व्हिडिओ आहे तो बघा". वर काउन्सेलरचे फोन वेगळे, की अजून एक पॅकेज घ्या. शब्द पाठ होत होते, नाही असं नाही, पण वाक्यात आले की समजायचं नाही तिथे ते काय करतायत, आणि स्कोअर जिथल्या तिथे.

नौपाड्याच्या मॅडमची पद्धत याच्या बरोबर उलटी आहे. त्या आधी वाक्य वाचायला शिकवतात, शब्द नंतर. आणि पहिले काही आठवडे उत्तर मराठीत द्यायचं, हा त्यांचा नियम. ऐकायला विचित्र वाटेल, मलाही सुरुवातीला पटत नव्हतं की इंग्रजीची परीक्षा आणि मराठीत उत्तरं कशाला. एक उदाहरण देते म्हणजे कळेल.

त्यांनी बोर्डवर एक वाक्य लिहिलं, साधारण असं की "बाहेरच्या लोकांना तो माणूस तुसडा वाटायचा, तरी ज्यांनी त्याच्याबरोबर काम केलं होतं त्यांना तो अतिशय ____ म्हणून माहीत होता." वाक्य अर्थातच इंग्रजीत होतं आणि चांगलं लांबलचक. खाली सहा पर्याय, पण ते त्यांनी डस्टरने झाकून ठेवले. म्हणाल्या, आधी "तरी" कुठे आहे ते दाखव. मग त्या "तरी"मुळे वाक्य कुठे वळतंय ते सांग. आता रिकाम्या जागी तुझा स्वतःचा शब्द घाल, मराठीत चालेल. एकजण म्हणाला मनमिळाऊ, कोणी म्हणालं बोलका. मग डस्टर बाजूला. पर्याय होते ग्रिगेरियस, टॅसिटर्न, ब्रिलियंट, सोशेबल, रेटिसंट आणि फ्रूगल. आता बघा, टॅसिटर्न आणि रेटिसंट ही छान जोडी आहे, दोन्हींचा अर्थ अबोल, आणि ज्याने नुसती यादी पाठ केलीये तो जोडी दिसली की खूश होऊन टिक करून मोकळा होतो. पण वाक्याला नेमका उलटा अर्थ हवाय. ब्रिलियंट वाक्यात बसतोय असं वाटतं, पण त्याला जोडीदारच नाही, आणि या प्रकारात दोन्ही शब्दांनी वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे, दोन्ही बरोबर आले तरच मार्क, एक बरोबर आला म्हणून अर्धा मार्क मिळत नाही. उरले ग्रिगेरियस आणि सोशेबल, दोन्हींचा अर्थ माणसांत मिसळणारा, झालं उत्तर. आमच्या बॅचमध्ये ग्रिगेरियस निम्म्या जणांना माहीत नव्हता, तरी बहुतेकांचं उत्तर बरोबर आलं. मला तिथेच कळलं की आपण योग्य ठिकाणी आलोय.

त्या सांगतात की ऑल्दो, डिस्पाइट, सिन्स, इन्डीड, फार फ्रॉम असे बारीक शब्द हेच वाक्याचे सांधे आहेत, आधी त्यांना गोल करा. साधा सेमिकोलन किंवा कोलन असला तरी पुढचा भाग बहुतेक वेळा मागचंच उलगडून सांगतोय हे लक्षात घ्या. दोन-तीन जागा रिकाम्या असतील तर पहिल्या जागेपासूनच सुरुवात करायला हवी असं काही नाही, जी जागा वाक्यातून सगळ्यात घट्ट बांधलेली आहे ती आधी भरायची. हे सगळं त्या इतक्या वेळा करून घेतात की नंतर हात आपोआप तिकडेच जातो.

म्हणजे शब्द करायचेच नाहीत असं नाही हं, शब्द भरपूर करून घेतात, पण खोक्यातून. प्रत्येकाने घरून एक चपलांचं रिकामं खोकं आणायचं, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे करायचे. ही पद्धत १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने सांगितलेली आहे. कार्डाच्या एका बाजूला शब्द, आणि मागे नुसता अर्थ चालत नाही, तो शब्द वापरलेलं आपलं स्वतःचं वाक्य लागतं. आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर परत पहिल्या कप्प्यात, मग तो चौथ्यात पोचलेला का असेना. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे कप्पे जास्त जास्त दिवसांनी. माणूस विसरतो कसा हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं, की शिकल्यानंतर सुरुवातीलाच झपाट्याने विसरतो आणि मग वेग कमी होतो, त्याचा आलेख मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बोर्डवर काढून दाखवला. पन्नास शब्द एका दिवसात घोकून शनिवारी टेस्ट दिली की सोमवारी ते का उडून जातात हे मला तो आलेख बघून कळलं. मी पहिल्या कप्प्यातली कार्डं रबर लावून पर्समध्ये ठेवायचे आणि ऐरोली ते ठाणे ट्रेनमध्ये करायचे, बसायला जागा मिळाली तर, नाहीतर उभ्याउभ्याच.

ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ ही त्यांची खास आवडीची गोष्ट. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं एवढंच आपल्याला माहीत, पॅसेजमध्ये लेखक स्वतःचं विधान क्वालिफाय करतो म्हणजे त्याला मर्यादा घालतो, जरा सौम्य करतो. अशा शब्दांची त्यांची वेगळी वही आहे, ती झेरॉक्स करून देतात.

आता रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, ज्याच्यासाठी मी म्हणेन की हा क्लास लावाच. पॅसेज त्या स्वतः लिहून आणतात, परीक्षेच्या वळणाचे. एक अजून लक्षात आहे, डायनोसॉर कसे नष्ट झाले त्याच्यावर होता. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इरिडियम या धातूच्या थरावरून अशनी आदळल्याचा सिद्धांत मांडला, मग दुसरा गट म्हणतो की आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा साधारण त्याच काळात, म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, ओतत होता, त्याचाही हात असणार, आणि पॅसेज लिहिणारा कुठल्याच बाजूला पूर्ण जात नाही. प्रश्न होता की लेखक खालीलपैकी कशाशी सहमत होईल. आमच्यातल्या एकाने जिऑलॉजीत डिग्री केलेली, त्याने पटकन असा पर्याय निवडला जो खरा आहे, विज्ञानाच्या दृष्टीने अगदी खरा, पण पॅसेजमध्ये तो कुठेच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "तुला काय माहिती आहे ते नाही विचारलं रे बाळा, या माणसाने काय लिहिलंय ते विचारलंय, ओळीवर बोट ठेवून दाखव." तेव्हापासून बोट ठेवून दाखवणं हा सगळ्यांचाच नियम झाला. ज्या उत्तरासाठी ओळ दाखवता येत नाही ते उत्तर बरोबर आलं तरी त्या धरत नाहीत.

शिवाय प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की तो तिथे कशाला आहे ते एका मराठी वाक्यात बोलायचं. "जुनं मत सांगितलं." "त्याला धक्का दिला." "पण पुरावा अपुरा आहे म्हणाला." तपशील लक्षात नाही ठेवायचे, तपशील कुठे आहेत ते लक्षात ठेवायचं. आणि चुकीचे पर्याय कसे बनवतात ते त्या इतकं छान उलगडतात की नंतर पर्याय वाचतानाच वास येतो, एखादा ओन्ली किंवा ऑल्वेज घालून ताणलेला, एखादा अर्धा बरोबर आणि शेवटच्या तीन शब्दांत चुकलेला, एखादा पॅसेजमधलेच शब्द उचलून त्यांचं नातं फिरवलेला. तीन पर्यायांतले जितके बरोबर तितके सगळे निवडा हा जो प्रकार असतो त्यात प्रत्येक पर्याय सुटा तपासायचा, बाकीच्या दोघांकडे बघायचंच नाही, कारण एकही बरोबर असू शकतो आणि तिन्ही पण.

अजून एक निरीक्षण, माझं स्वतःचं. बॅचमध्ये सगळ्यात लवकर आरसी कोणाला जमली तर मराठी मिडियममधून आलेल्या एका मुलीला, जी लहानपणापासून मराठी ग्रंथसंग्रहालयाची सभासद होती (१८९३ चं आहे ते, ठाणेकरांना सांगायला नको). तिचं इंग्रजी बोलणं अडखळत होतं, पण लांब वाक्य शेवटपर्यंत धरून ठेवायची सवय तिला होती आणि तेच इथे लागतं. म्हणून मराठी मिडियमवाल्यांनी घाबरून व्हर्बल सोडून देऊ नका, प्लीज. क्वांटमध्ये (गणिताच्या भागात) मार्क काढू आणि व्हर्बल जे येईल ते, असं म्हणणारे खूप भेटतात आणि मला खरंच वाईट वाटतं.

वेळेचं पण नीट शिकवतात. निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, अडला की काहीतरी टिक करून मार्क करून ठेवा, त्याच सेक्शनमध्ये परत येता येतं. आमच्याबरोबर दोनतीन कॅटवाले, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारे, पण बसायचे, त्यांना मात्र हे लागू नाही असं त्या दर वेळी आठवणीने सांगायच्या, कारण तिथे पर्यायवाल्या प्रश्नांना चुकलं की मार्क कापतात.

आता काय आवडलं नाही ते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कागद. क्लासमध्ये सगळं झेरॉक्सवर होतं आणि परीक्षा स्क्रीनवर, तिथे पॅसेजमध्ये पेनाने गोल करता येत नाही. शेवटच्या टप्प्यात त्या स्क्रीनवर सराव करायला सांगतात, पण तो आपला आपण करायचा. जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या पॉवरप्रेप नावाच्या ऑनलाइन सराव टेस्ट आहेत, त्यातल्या दोन फुकट मिळतात, त्या अजिबात लवकर वापरून टाकू नका, एक मधे आणि एक शेवटी ठेवा. दुसरं म्हणजे रायटिंग जवळपास शिकवतच नाहीत. आता एकच इश्यूचा निबंध असतो तीस मिनिटांचा, पण त्याला एक लेक्चर म्हणजे फारच कमी. क्वांट नाहीच, त्यासाठी वेगळी सोय बघावी लागेल. रेकॉर्डिंग नाही, लेक्चर चुकलं की चुकलं, फार तर कोणाची तरी वही मिळेल. लिफ्ट नाही, टू-व्हीलर लावायला जागा शोधत फिरावं लागतं, स्टेशनवरून चालत जाणंच बरं. पावसाळ्यात ट्रेन लेट झाली तरी मॅडम साडेसात म्हणजे साडेसातलाच सुरू करतात, नवी मुंबईहून येणाऱ्यांनी हे धरून चाला.

फी मोठ्या क्लासच्या निम्म्याहून कमी, दोन हप्त्यांत घेतात, आणि एका बॅचला दहाच्या वर मुलं घेत नाहीत, त्यामुळे वाट बघावी लागू शकते. माझा व्हर्बल आधीच्या मॉकला १४८ होता, खऱ्या परीक्षेत १६० आला. सगळ्यांचा इतका वाढेल असं मी म्हणणार नाही, आमच्यातल्या दोघांचा फार नाही वाढला, पण त्या दोघांची खोकी दुसऱ्या महिन्यापासून रिकामीच असायची.

ज्यांची परीक्षा पंधरा-वीस दिवसांवर आलीये त्यांनी नका जाऊ, ही पद्धत मुरायला वेळ लागतो, किमान तीन महिने हातात हवेत. ज्यांचं वाचन आधीच चांगलं आहे आणि फक्त मॉक द्यायच्या आहेत त्यांनाही गरज नाही. पण इंग्रजी पॅसेज बघितला की ज्यांना धडधडतं आणि शब्द पाठ करूनही जे अडकलेत त्यांनी डोळे झाकून जा. डेमोला बसू देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. जाताना वही आणि चष्मा असेल तर चष्मा न्या, पहिल्याच दिवशी पॅसेज हातात देतात. आणि मॅडम, हे वाचत असाल तर रायटिंगची निदान चार लेक्चर वाढवा, पुढच्या बॅचची मुलं जास्तीची फी आनंदाने देतील.